दत्तक देणे हे पालिकेचेच काम आहे : महाराष्ट्रातील आयुक्त आणि मुख्याधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, महाराष्ट्रातील सर्व महानगरपालिका,
मा. मुख्याधिकारी, सर्व नगरपरिषदा व नगरपंचायती,
आणि मा. प्रधान सचिव, नगरविकास विभाग, महाराष्ट्र शासन.

विषय : भटक्या कुत्र्यांना दत्तक देण्याची अधिकृत व्यवस्था प्रत्येक शहरात सुरू करण्याबाबत.

महोदय / महोदया,

हे पत्र लिहिण्याचे निमित्त एक अर्ज आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी भटक्या कुत्र्यांबाबत दिलेल्या आदेशात असे स्पष्ट म्हटले आहे की, ज्या प्राणिप्रेमींना रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घ्यायचे असेल त्यांना संबंधित पालिकेकडे तसा अर्ज करता येईल, त्या कुत्र्याला ओळखीचा बिल्ला लावून ते अर्जदाराला दत्तक दिले जाईल, आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी अर्जदाराची राहील. ही बातमी वाचून आमच्या शहरातील एक निवृत्त शिक्षिका आपल्या गल्लीतील एका कुत्रीसाठी पालिकेत गेल्या. आरोग्य विभागाने त्यांना पशुवैद्यकीय विभागाकडे पाठवले, पशुवैद्यकीय विभागाने प्रभाग कार्यालयाकडे पाठवले, आणि प्रभाग कार्यालयात त्यांना सांगण्यात आले की असा कोणताही फॉर्म आमच्याकडे नाही, तुम्ही एखाद्या संस्थेकडे विचारा. शेवटी त्यांनी साध्या कागदावर अर्ज लिहून दिला आणि आवक शाखेचा शिक्का घेऊन त्या घरी आल्या. त्या अर्जावर आजतागायत काहीही झालेले नाही. दरम्यान ती कुत्री पालिकेच्या गाडीने उचलून नेली, आणि ती कुठे ठेवली आहे हे त्यांना कोणीही सांगितलेले नाही.

मी व्यवसायाने लेखापाल आहे. नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात जखमी आणि बेवारस कुत्र्यांवर उपचार करून घेणे आणि त्यांना घर शोधून देणे हे काम मी काही मित्रमैत्रिणींबरोबर अनेक वर्षे करत आले आहे. माझ्या घरात आजही दोन पिल्ले तात्पुरत्या मुक्कामाला आहेत. नाशिकपासून कोल्हापूरपर्यंत हेच काम करणाऱ्यांशी आमचे रोजचे बोलणे असते आणि त्यांचा अनुभव फारसा वेगळा नाही. म्हणूनच हे पत्र एका शहराच्या अधिकाऱ्यांना न लिहिता आपणा सर्वांना लिहीत आहे.

आरंभीच एक गोष्ट नोंदवते. कुत्र्यांच्या चाव्यामुळे ज्यांच्या घरात मूल गेले, ज्यांना सकाळी फिरायला जाणेही भीतीचे झाले, त्यांचे म्हणणे खोटे आहे असे मी कधीही म्हणणार नाही. २०२४ या एका वर्षात देशात श्वानदंशाच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या, आणि त्यांपैकी पावणेपाच लाखांहून अधिक आपल्या महाराष्ट्रातल्या होत्या, अशी सरकारची स्वतःची आकडेवारी आहे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्यामुळे रस्त्यावरची कुत्री कमी झाली पाहिजेत हे मला मान्य आहे, आणि दत्तकाचे काम मी त्यासाठीही करते. घरात गेलेल्या प्रत्येक कुत्र्याला लस मिळते, त्याची नसबंदी होते, त्याला नाव आणि पत्ता मिळतो, आणि त्याच्या वागण्याला उत्तरदायी असा एक माणूस मिळतो. रस्त्यावरचे एक कुत्रे कायमचे कमी करण्याचा याहून स्वस्त आणि निर्दोष मार्ग माझ्या माहितीत नाही.

आता माझे मुख्य म्हणणे मांडते. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातील भटकी कुत्री तेथून हलवून, नसबंदी व लसीकरण करून निवाऱ्यात ठेवण्यास सांगितले, आणि ती पुन्हा त्याच जागी सोडू नयेत असेही बजावले. या आदेशामुळे आपल्या निवाऱ्यांचे स्वरूपच बदलले आहे, याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छिते. पूर्वी नसबंदी केंद्रातले कुत्रे शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी मूळ जागी परत जात असे आणि पिंजरा पुढच्या कुत्र्यासाठी मोकळा होत असे. आता जे कुत्रे या आवारांतून आत येईल ते आयुष्यभर आत राहील. नीट सांभाळलेले गावठी कुत्रे दहा-बारा वर्षे सहज जगते. म्हणजे शंभर कुत्र्यांसाठी बांधलेला निवारा पहिल्या काही महिन्यांत भरला, की पुढची अनेक वर्षे तेथे जागा होणार ती केवळ कुत्री मेल्यावर. गर्दी वाढली की आजार पसरतात, कुत्री एकमेकांशी भांडतात, आणि निवाऱ्याच्या नावाखाली कोंडवाडा उभा राहतो. या निवाऱ्यातून जिवंत बाहेर पडण्याचे एकच दार उरले आहे, ते म्हणजे दत्तक. ते दार बंद ठेवून आपण कितीही कोटींच्या निविदा काढल्या तरी जागा पुरणार नाही.

हे काम पालिकेचे नाही, दयाळू लोकांनी आपापल्या खर्चाने करावे, अशी भूमिका अनेक कार्यालयांत उघडपणे ऐकायला मिळते. ती बरोबर नाही. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवायच्या विषयांमध्ये कोंडवाड्यांबरोबरच प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध हा विषय नोंदलेला आहे. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी नसबंदी आणि लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आहे आणि त्यावर देखरेख ठेवण्यासाठी स्थानिक समितीही सांगितली आहे. आणि आता सर्वोच्च न्यायालयाने दत्तकाचा अर्ज कोणाकडे करायचा हेही सांगून टाकले आहे. संस्थांनी मदत करावी, अवश्य करावी. पण अर्ज घेणे, त्यावर निर्णय देणे आणि नोंद ठेवणे ही सार्वजनिक जबाबदारी आहे आणि ती आपली आहे.

माझी पहिली आणि सर्वांत गंभीर तक्रार पिल्लांबाबत आहे. पावसाळा सरत आला की थंडी संपेपर्यंत प्रत्येक वस्तीत पिल्ले दिसू लागतात. पिल्लू साधारण आठ आठवड्यांचे झाले, आईचे दूध सुटले, की ते घरी न्यायला योग्य होते. तीन आठवड्यांपासून सुमारे तीन-साडेतीन महिन्यांपर्यंतच्या काळात ते माणसांना, आवाजांना, इतर प्राण्यांना जितके सहज स्वीकारते तितके पुढे कधीच स्वीकारत नाही. म्हणजे दत्तकासाठी हातात असतो तो जेमतेम दीड-दोन महिन्यांचा काळ. याच काळात ती गाड्यांखाली सापडतात, याच काळात पार्व्हो आणि डिस्टेंपर या विषाणूजन्य आजारांनी मरतात. आपली यंत्रणा मात्र या वयाच्या पिल्लांकडे पाहतच नाही, कारण त्यांची नसबंदी इतक्यात करता येत नाही आणि म्हणून ती कोणत्याही ठेकेदाराच्या बिलात बसत नाहीत. फोन केला तर 'पिल्ले आम्ही उचलत नाही' असे सांगितले जाते. काही वेळा याच्या अगदी उलट घडते : तक्रार आली म्हणून पिल्लांना पाजत असलेली आई उचलून नेली जाते आणि पिल्ले नाल्याच्या काठावर तशीच उपाशी राहतात. आणि कधी पिल्ले उचललीच, तर ती मोठ्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांशेजारी ठेवली जातात.

पार्व्होबद्दल येथे थोडे सविस्तर लिहिते, कारण निवाऱ्याचे आराखडे मंजूर करणाऱ्यांना ते ठाऊक असणे आवश्यक आहे. हा विषाणू आजारी पिल्लाच्या विष्ठेतून पसरतो आणि जमिनीत, फरशीच्या सांध्यांत, भांड्यांवर महिनोन्‌महिने टिकून राहतो. पिल्लू आधी खाणे सोडते, मग उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू होतात, आणि सलाइन वेळेवर लागले नाही तर दोन-तीन दिवसांत ते जाते. साध्या फिनेलने हा विषाणू मरत नाही. त्यासाठी ब्लीचसारखे क्लोरिनयुक्त द्रावण योग्य प्रमाणात वापरावे लागते आणि पुरेसा वेळ फरशीवर राहू द्यावे लागते. लस न झालेले पिल्लू अशा पिंजऱ्यात ठेवणे म्हणजे त्याला मृत्यूच्या दारात नेऊन सोडणे आहे. म्हणूनच पिल्लांसाठी निवाऱ्यापेक्षा एखादे तात्पुरते घर केव्हाही चांगले. तेथे पहिले दोन आठवडे वेगळे ठेवून, जंताचे औषध देऊन, सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पहिली लस आणि तीन-चार आठवड्यांनी दुसरी मात्रा, तीन महिन्यांनंतर रेबीजची लस, असा क्रम पाळला तर बहुतेक पिल्ले जगतात. अशी तात्पुरती घरे द्यायला तयार असलेली कुटुंबे प्रत्येक शहरात आहेत. त्यांना पगार नको असतो. त्यांना लस, औषध आणि अडचणीच्या वेळी फोन उचलणारा पशुवैद्यकीय अधिकारी हवा असतो.

घर शोधताना काय अनुभव येतात हेही आपल्यापर्यंत पोहोचले पाहिजे. दत्तकासाठी येणारा पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी एकच असतो, 'नर आहे का मादी?' एका वेतातली नर पिल्ले आठवड्यात दत्तक जातात आणि माद्या मागे राहतात. माद्यांना पिल्ले होतील ही भीती त्यामागे असते आणि नसबंदीने ती भीती पूर्णपणे संपते, परंतु शस्त्रक्रियेचा खासगी दवाखान्यातला खर्च मध्यमवर्गीय घरालाही जड जातो. याच भीतीपोटी अनेक सोसायट्यांचे रखवालदार आणि किराणा दुकानदार एखादे नर पिल्लू ठेवून घेतात आणि माद्या बारदानात भरून दूरच्या मंडईत किंवा महामार्गाच्या कडेला सोडून येतात. सहाव्या महिन्यानंतर पालिकेच्या केंद्रात नसबंदी विनामूल्य होईल, असे लेखी आश्वासन दत्तकपत्रासोबत मिळाले, तर मादी पिल्लांना घर मिळणे किती सोपे होईल याची कल्पना मी अनुभवाने देऊ शकते. काळ्या रंगाची कुत्री, तीन पायांची, एका डोळ्याने अधू असलेली कुत्री सर्वांत शेवटी जातात. ती जातात हे मात्र खरे आहे. अपघातात मागचा पाय गमावलेली एक काळी कुत्री आज एका जिनिंग मिलमधल्या कामगाराच्या घरी आहे आणि त्यांची मुलगी तिच्याशेजारी बसून अभ्यास करते. अशी माणसे शोधावी लागतात. त्यासाठी वेळ, फोटो, खरी माहिती आणि नंतरचा पाठपुरावा लागतो.

दुसरी तक्रार विकत घेऊन टाकून दिलेल्या कुत्र्यांची आहे. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, अलीकडे तर आपले ऊन अजिबात न मानवणारी हस्कीसुद्धा, रस्त्यावर सापडतात. गावठी कुत्र्याला रस्ता ओळखीचा असतो; या कुत्र्यांना तो काही दिवसही झेपत नाही. प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्यातला दंड आजही दहा ते पन्नास रुपयांच्या दरम्यान आहे. दंड वाढवणे आपल्या हातात नाही हे मी जाणते. मात्र २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांप्रमाणे आणि २०१८ च्या पाळीव प्राणी दुकान नियमांप्रमाणे नोंदणी न करता घरगुती जागेत पिल्ले विकणाऱ्यांवर राज्य प्राणी कल्याण मंडळाच्या मदतीने कारवाई करणे, आणि परवाना देतानाच प्रत्येक पाळीव कुत्र्याला मायक्रोचिप बसवणे हे होऊ शकते. चिप असेल तर टाकून दिलेल्या कुत्र्याचा मालक एका मिनिटात सापडतो, आणि हरवलेले कुत्रे निवाऱ्यात सडत न राहता आपल्या घरी जाते. दिवाळीत फटाक्यांना घाबरून पळालेली किती तरी कुत्री घरच्यांना केवळ यासाठी सापडत नाहीत, की आपल्या केंद्रांत आलेल्या कुत्र्यांचे फोटो कोठेही लावले जात नाहीत.

तिसरी तक्रार गृहनिर्माण संस्थांविषयी आहे. घरच्यांनी आनंदाने नेलेले कुत्रे सोसायटीच्या दबावामुळे परत आणून देण्याची वेळ ज्यांच्यावर आली, त्यांचा अपमान आणि त्या मुक्या जिवाचा गोंधळ दोन्ही आम्ही पाहिले आहे. लिफ्ट वापरू नका, खाली आणू नका, विकत घेतलेले चालेल पण गावठी चालणार नाही, असे ठराव सर्वसाधारण सभेत बिनदिक्कत होतात. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालण्याचा अधिकार सोसायट्यांना नाही, हे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. मालकानेही पट्टा, स्वच्छता आणि शेजाऱ्यांची सोय पाळलीच पाहिजे, यात वाद नाही. पण पालिकेचे अधिकृत दत्तकपत्र आणि परवाना हातात असता, तर बहुतेक कुटुंबांना त्या सभेत एकटे उभे राहावे लागले नसते.

आपल्या शहरांनी या प्रश्नावर याआधी काय केले हेही विसरून चालणार नाही. १८३२ मध्ये मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम उघडली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. त्यानंतरही विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत मुंबईत कुत्री मारली जात राहिली आणि तरीही ती कमी झाली नाहीत. पुढे नसबंदीचा मार्ग स्वीकारला गेला. शेजारच्या गोव्याने घरोघर आणि गल्लोगल्ली लसीकरण करून २०२१ मध्ये स्वतःला रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून घोषित केले. सत्तर टक्के कुत्र्यांना सातत्याने लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते, हे जगभर मान्य झालेले सूत्र आहे. लसीकरण, नसबंदी आणि दत्तक ही तिन्ही कामे एकत्र चालली तरच रस्त्यावरची संख्या खाली येते, आणि आपल्याकडे तिसरे काम आजवर कोणत्याही अंदाजपत्रकात दिसलेले नाही.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत. प्रत्येक पालिकेने एक पानी मराठी दत्तक अर्ज तयार करून तो प्रभाग कार्यालयात आणि संकेतस्थळावर उपलब्ध करावा, तो स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम जाहीर करावे, आणि अर्जावर सात दिवसांत लेखी निर्णय द्यावा. नकार असेल तर कारण द्यावे. निवाऱ्यात किंवा नसबंदी केंद्रात आलेल्या प्रत्येक कुत्र्याचा फोटो, उचललेले ठिकाण, तारीख आणि लसीकरणाची नोंद सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी. एखाद्या कुत्र्यासाठी दत्तकाचा अर्ज प्रलंबित असेल तर निर्णय होईपर्यंत त्याला अन्यत्र हलवू नये. आठवड्यातून किमान एक दिवस, तोही सुट्टीचा, निवारा लोकांसाठी खुला असावा, कारण न पाहिलेले कुत्रे कोणी घरी नेत नाही.

पिल्लांसाठी तात्पुरत्या घरांची नोंदणी पालिकेने करावी आणि त्या घरांना जंताचे औषध व लसी विनामूल्य द्याव्यात. दत्तक दिलेल्या प्रत्येक पिल्लाची नसबंदी योग्य वयात विनामूल्य होईल असे दत्तकपत्रावर छापलेले असावे. दत्तक देण्यापूर्वी घरभेट आणि नंतर ठरावीक काळाने पाहणी अनिवार्य करावी. घाईने दिलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर आले तर न्यायालयाच्या आदेशाचाही भंग होतो आणि त्या प्राण्याचाही विश्वास तुटतो. यासाठी प्रशिक्षित स्वयंसेवक आम्ही देऊ.

नव्या निवाऱ्यांच्या निविदांमध्ये दत्तक विभागाची स्वतंत्र जागा, पिल्लांसाठी वेगळा कक्ष आणि समन्वयकाचे पद यांची तरतूद असावी, आणि ठेकेदाराचे मूल्यमापन केवळ किती कुत्री उचलली यावर न करता किती कुत्री निरोगी राहिली आणि किती घरी गेली यावरही करावे. स्थानिक प्राणी जन्मनियंत्रण समितीच्या प्रत्येक बैठकीत दत्तकाची आकडेवारी ठेवावी व इतिवृत्त प्रसिद्ध करावे. सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांसमवेत एक संयुक्त परिपत्रक काढून दत्तक घेतलेल्या, लस झालेल्या आणि परवाना असलेल्या कुत्र्यांना सोसायट्यांनी अडवू नये हे सर्व गृहनिर्माण संस्थांना कळवावे. नगरविकास विभागाने यासाठी राज्यभर लागू होईल असा एकच नमुना अर्ज आणि एकच कार्यपद्धती ठरवून द्यावी, म्हणजे लहान नगरपंचायतींना प्रत्येक गोष्ट नव्याने करावी लागणार नाही.

यांपैकी कोणतीही मागणी मोठ्या निधीची नाही आणि बहुतेकांसाठी नवा कायदाही लागत नाही. अर्जाचा आणि दत्तकपत्राचा मसुदा आम्ही तयार करून ठेवला आहे आणि तो कोणत्याही पालिकेने मागितल्यास त्याच दिवशी पाठवू. आमच्या शहराच्या आयुक्तांना एक विनंती वेगळी करते : त्या निवृत्त शिक्षिकेचा अर्ज आवक शाखेत आहे, त्यावर शिक्का आणि क्रमांक आहे, ती कुत्री आज कोणत्या केंद्रात आहे हे त्यांना कळवावे आणि तिला रीतसर त्यांच्या ताब्यात द्यावे. उर्वरित मागण्यांवर आपण काय निर्णय घेतला हे महिन्याभरात जाहीरपणे कळवावे, ही नम्र अपेक्षा.

कळावे,

आपली विश्वासू,
दत्तकाचे काम करणारी एक नागरिक